पेरूचं आळं

आमच्या ह्यांना निवृत्तीनंतर मातीची ओढ लागली असं लोक कौतुकानं म्हणतात. साफ खोटं. ह्यांना ओढ लागली ती यंत्राची, माती बिचारी मध्ये सापडली. सकाळी नाश्त्याला बसलं की फोन पाण्याच्या तांब्याला टेकवायचा आणि कुठल्या कुठल्या देशांतली माणसं परसात यंत्रं फिरवताना बघत बसायचं. उपीट गार होऊन त्याचा गोळा व्हायचा. त्यातूनच एक दिवस अमरगोळच्या मार्केट यार्डाकडच्या दुकानातून माती उकरायचा तो टिलर घरी आला. पुढं गरगर फिरणारे लोखंडी दाते, मागं दोन मुठी, आणि आवाज असा की शेजारचं कुत्रं गेटखालून पळालं ते संध्याकाळीच परतलं.

टिलरबरोबर मागं लावायचा एक दांडा येतो. तो मातीत रुततो आणि गाडीला मागं धरून ठेवतो. दांडा खाली सोडला की दाते जागच्या जागी खोल जातात, वर घेतला की माती वरवर खरवडत पुढं पळतात. एवढं सोपं आहे, मला पहिल्या दिवशी कळलं. ह्यांनी तो दांडा हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाले, "कंपनीला काय कळतंय? हे आपण घरीच करू." दांडा माळ्यावर गेला. उंटावरचा शहाणा म्हणतात तो आमच्याकडे खुर्चीवर बसतो.

आता खोली हा माझ्यासाठी चेष्टेचा विषय नव्हता, कारण परसाच्या कोपऱ्यात माझा पेरू होता. माझा म्हणजे खरं तर अप्पांचा. माझं माहेर ह्याच धारवाडातलं. तिथल्या अंगणात अप्पांनी लावलेलं झाड होतं. अप्पा शाळेत गणित शिकवायचे आणि घरातही गणिताच्या मास्तरासारखेच राहायचे. शाबासकी म्हणून तोंडातून निघायची नाही. पण राघूनं टोचलेला पेरू सगळ्यांत गोड असतो म्हणून ते तो झाडावर हेरून ठेवायचे, काढायचे, टोचलेला भाग चाकूनं उडवायचे आणि उरलेला माझ्या पुस्तकावर ठेवून निघून जायचे. भावांच्या पुस्तकावर कधी ठेवला नाही. अप्पा गेल्यावर भावांनी घर बिल्डरला दिलं. त्याच्या आधीच्या पावसाळ्यात मी एका फांदीला गुटी बांधली, मुळं फुटल्यावर ती उतरवून इथं आणून लावली. जुन्या झाडाच्या जागी आता दुचाकी लावतात. तेव्हा अप्पांचं म्हणून जे काही जिवंत उरलं होतं, ते आमच्या परसात होतं.

गुटीच्या झाडाला सोटमूळ नसतं. त्याची मुळं सगळी वरच्या थरात पसरतात. टिलर तिथं चार बोटांच्या खाली गेला की मुळं तुटलीच म्हणून समजा. हे मी ह्यांना गोडीनं सांगितलं, चिडून सांगितलं, एकदा पानावर वाढता वाढताही सांगितलं. "अगं, म्हणूनच तर मी खोलीचा बंदोबस्त करतोय," हे म्हणाले.

पहिला बंदोबस्त म्हणजे माझा भाकरीचा तवा. यंत्राच्या पोटाखाली घसरगाडीसारखा तारेनं बांधला, म्हणजे यंत्र तेवढंच खाली बसेल. आमची काळी माती तव्याला अशी चिकटली की तवा राहिला बाजूला, खाली एक ढेकूळच तयार झालं आणि टिलर मेथीचा वाफा सपाट करून भिंतीवर गेला. संध्याकाळी हे तवा घासून स्वयंपाकघरात घेऊन आले आणि म्हणाले, "घे, स्वच्छ आहे." त्यावर तेलाचा इंद्रधनुष्यी थर होता. मला त्यावर पीठ थापायची कल्पनाही सोसेना. दुसरा बंदोबस्त नातीच्या जुन्या सायकलच्या बाजूच्या चाकांचा. ती पहिल्याच फेरीत वाकली, त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

तिसऱ्यानं मात्र कहर केला. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात आणलेली कमोडची खुर्ची अडगळीत होती. तिचे पाय म्हणजे पाइपात पाइप, बाजूला भोकं, आणि बटण दाबलं की पाय खाली-वर. ह्यांनी ते पाहिलं आणि मूल लाडू पाहून हसतं तसे हसले. "हेच! हेच पाहिजे होतं. भोकामागं दोन बोटं फरक पडतो, बघ." पाय कापला. इथल्या बेलूरकडच्या एका वेल्डिंगवाल्याकडं जाऊन पायाला खाली मातीत रुतेल अशी लोखंडी पट्टी बसवून आणली, आणि तो पाय जेवणाच्या टेबलावर, वरणाच्या पातेल्याशेजारी ठेवून फूटपट्टीनं मोजायला बसले. त्या रबराच्या बुडाला काय काय लागलेलं मी माझ्या हातानं पुसलंय, ते मला आठवत होतं. सासूबाईंची किळस मी कधी केली नाही, त्यांचं सगळं काढलं. पण हा माणूस आपल्याच आईच्या त्या खुर्चीचा पाय वरणाशेजारी ठेवून "चार सेंटिमीटर, आठ सेंटिमीटर" करत होता. मी ताट घेऊन उठले.

"तुला कशाचीच हौस नाही," हे म्हणाले.

चाचणीच्या दिवशी तो पाय यंत्राला मागं, दांड्याच्या जागी लावला, आणि दात्यांत एक बेडूक सापडला. त्याचं काय झालं ते मी पाहिलं आणि ह्यांनीही पाहिलं. ह्यांनी वाकून मातीत बोटं घातली, खोली मोजली आणि म्हणाले, "बरोबर आठ." बेडकाचा उरलेला भाग कावळ्यानं नेला. गांडुळांचे तुकडे वाफाभर वळवळत होते. बंदोबस्त मात्र जमला होता, हे कबूल केलं पाहिजे. पाय दुसऱ्या भोकात ठेवला की चार बोटं, त्याच्या खाली सोडला की खोल. न हलता, न वाकता.

यशाचा आनंद ह्यांच्या कंबरेत शिरला. दुसऱ्याच दिवशी कंबर धरली आणि पट्टा बांधून बसायची वेळ आली. पण हरभरा टाकायचा होता, जमीन तयार करायची होती. मग शेजारच्या बंगल्यात बागकाम करणारा माणूस बोलावला. वयानं आमच्यापेक्षा थोडा लहान, मुकाट्यानं काम करणारा. त्याला मराठी येत नाही, आणि आपल्याला कन्नड उत्तम येतं असा आमच्या ह्यांचा समज आहे. येतंही. फक्त मध्येच मराठी शब्द अडकतो आणि तो अडकला आहे हे ह्यांना कळत नाही. आम्हा सगळ्यांचंच तसं आहे म्हणा, ह्या गावात वाक्य एका भाषेत सुरू होतं आणि दुसरीत संपतं.

मी आधी बजावून ठेवलं. "अहो, त्याला नीट सांगा. पेरूचं आळं सोडून चालव म्हणावं. आळ्याच्या आत यंत्र जाता कामा नये."

"सांगतो गं."

मी आत फोडणीला होते. परसातून यंत्राची घरघर येत होती, आणि तिच्यावरून ह्यांचा खणखणीत आवाज, "आळं बिडप्पा! आळं बिड!" खिडकीतून दिसलं, हे पायरीवर पट्टा बांधून बसलेत आणि हातानं पेरूकडे दाखवतायत. आळं सोड बाबा, आळं सोड. मला ते अगदी बरोबर ऐकू आलं. मी निर्धास्त होऊन मोहरी टाकली.

कन्नडात झाडाच्या आळ्याला पाती म्हणतात. आणि आळ म्हणजे खोली. आमचं 'आळं' आणि त्यांचं 'आळ' यांतला फरक इंजिनाच्या आवाजात कुणाला कळायचा? त्या माणसानं ऐकलं ते असं, की खोल सोड बाबा, खोल सोड. वर साहेब झाडाकडे बोट दाखवतायत. खत घालायला झाडाभोवतीची जमीन उकरून घेतात, तसंच हवं असेल असं त्याला वाटलं. त्यानं गाडी थांबवली, बटण दाबलं, पाय शेवटच्या भोकापर्यंत खाली सोडला आणि पेरूच्या बुंध्याला लागून एक सुरेख गोल फेरी मारली. मग दुसरी.

आवाज बदलला तेव्हा मी बाहेर आले. दात्यांना मुळं गुंडाळली होती, तांबूस, ओली, केसांच्या गुंत्यासारखी. झाड उभंच होतं. पानंही ताजी होती, त्यांना अजून काही कळलं नव्हतं. मी ओरडले तेव्हा त्या माणसानं गाडी बंद केली आणि गोंधळून माझ्याकडे बघितलं.

"साहेब्र आळ बिड अंद्रला, अक्कार. बिट्टीनि."

साहेबांनी खोल सोड म्हटलं, सोडलं. त्यात त्याचं काय चुकलं? मी त्याला पाणी दिलं.

हे कंबर धरून उठले. मला वाटलं, झाडाकडे येतायत. आले, पण वाकले ते चरात. तळहात घातला, पुढं सरकून पुन्हा घातला, गोल फेरीभर तीन-चार ठिकाणी घातला. कंबरेचं दुखणं कुठल्या कुठं पळालं होतं. मग वर बघून म्हणाले, "काय एकसारखी खोली आलीय गं! कुठं बोटभर कमी नाही, जास्त नाही." त्यांच्या नखांत पेरूची मुळं होती. मला त्या हाताची शिसारी आली आणि ती गेली नाही. आजही तो हात डब्यातला लाडू उचलतो तेव्हा मी दुसरीकडे बघते.

मी आळ्यात माती लोटली, फांद्या छाटून भार कमी केला, पोत्याची सावली केली. झाडानं काही दिवस तग धरला. मग पानं कडेनं वळली, तपकिरी झाली आणि झाडावरच वाळून राहिली. गळाली असती तरी बरं वाटलं असतं. नवी गुटी बांधावी अशी ओली फांदी एकही उरली नाही.

ह्यांचे ऑफिसातले जुने स्नेही रविवारी येतात. ह्या रविवारी ह्यांनी त्यांना परसात नेऊन तो पाय दाखवला, बटण दाबून खाली-वर करून दाखवला. मग हॉलमध्ये बसल्यावर ती गोष्ट सांगितली. छान सांगतात. यंत्राची घरघर तोंडानं काढतात. "मी म्हणतोय आळं बिड, आणि तो समजतोय आळ बिड!" मंडळी मांड्यांवर हात मारून हसली. एकानं डोळे पुसले. दुसऱ्यानं विचारलं, "आणि झाड?"

"गेलं हो," हे म्हणाले. "पेरूचंच होतं."

मी चहा ओतत होते. थांबायचं सुचलं नाही. कप भरला, बशी भरली, चहा ट्रेमध्ये उतरला आणि ट्रेच्या कडेवरून टेबलावर.

"अगं अगं, सांडतंय!" हे ओरडले. एवढं मात्र त्यांना लगेच दिसलं.