बिबल्याचं पाणी

बापूंना साखरेचा आजार जडला आणि आमच्या नवापूरच्या घरात बिबल्याचा पेला आला. बिबला हे सातपुड्यातलं टणक लाकडाचं झाड. त्याच्या गाभ्यातून पेला कोरतात. संध्याकाळी त्यात पाणी भरून ठेवायचं आणि सकाळी उपाशीपोटी प्यायचं. पाणी चहासारखं तांबूस होतं, पण उन्हात धरलं की कडेने निळी झाक मारतं. बापू रोज ते काचेच्या ग्लासात ओतून अंगणात उन्हात धरायचे. निळं दिसलं की मगच प्यायचे.

काही महिन्यांनी रंग फिका पडला. लाकडातला अर्क उतरून गेला होता, पेला टाकून द्यायचा, एवढं साधं. पण बापू कसले ऐकतात! त्यांनी काचेच्या तुकड्याने पेला आतून खरवडला. रंग परत आला, आणि त्याच आठवड्यात त्यांनी इन्सुलिनची सुई बंद केली.

मी शाळेत विज्ञान शिकवते. माझा असा संताप झाला! बापू शांतपणे म्हणाले, "तू ते सायन्स शिकाडस ना? मंग सांग, हाऊ रंग कोठून उना?"

खोटं कसं बोलू? लाकडातली रसायनं पाण्यात उतरतात, साखरेवर त्यांचा थोडाफार परिणाम होतही असेल, पण सुईची जागा ती घेऊ शकत नाहीत, असं मी सांगितलं. बापूंनी सोयीचं तेवढं उचललं आणि गल्लीभर सांगत सुटले, "मन्ही पोरबी हाईच सांगस!"

मी रडले, अबोला धरला, जेवण सोडलं. ते पेला खरवडत बसले. मग पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती काळी पडली. चिंचपाड्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

बापू घरी आल्यावर ब्राह्मणपुरीची आत्या मुक्कामाला आली. साखर तिलाही आहे. बापूंनी खाटेवरूनच तिला पेला कुठे मिळतो ते सांगितलं. मी ओरडले, "आत्या, त्यांचा पाय बघ ना!"

"पायनं न्यारं शे," बापू म्हणाले. "त्याले चप्पल चावनी व्हती."

आत्याने पटल्यासारखी मान डोलावली. पिशवीतून तिची इन्सुलिनची डबी काढून तिने माझ्या हातात ठेवली.

"तुन्हा बापूले कामले येई," ती मायेने म्हणाली. "माले आते काय करनी शे?"