वांग्याच्या फोडी

प्रेमराज छाजेडांना आयुष्यात कुणी नापास केलं नव्हतं. जळगावात पाइपांचं चालतं दुकान, नावावर चार कादंबऱ्या, त्यातल्या तिसरीला पुण्याचा पुरस्कार. मारवाडी घरातला माणूस इतकं मराठी लिहितो, या कौतुकापोटी मिळालेल्या शालींनी कपाटाचा एक कप्पा भरला होता. आणि आता, चोपन्नाव्या वर्षी, धुळ्याची दिपमाला नावाची अठ्ठावीस वर्षांची मुलगी त्यांना दर आठवड्याला नापास करत होती.

दिपमाला अहिराणीत छोटे छोटे सिनेमे काढायची. पुरस्कारवाल्या कादंबरीवर तिला सिनेमा करायचा होता. पटकथा मीच लिहीन, ही अट प्रेमराजांनीच घातली. तिने ती मानली आणि आपलीही एक घातली: संक्रांतीपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर मुंबईचा एक लेखक तयार आहे. आपली सुगंधाबाई दुसऱ्याच्या हाती द्यायची, हे प्रेमराजांना मुळीच मान्य नव्हतं.

सुगंधाबाई म्हणजे कादंबरीची नायिका. बावीस वर्षं दालमिलमध्ये डाळ निवडते, मग एक दिवस निवडायचं यंत्र येतं आणि तिला काढून टाकतात. शेवटी शेतातल्या भरीत पार्टीला मालकाचा मुलगा येतो, आणि ती विस्तवापाशी बसल्या बसल्या मनातल्या मनात सगळ्यांना क्षमा करते. ती क्षमा अकरा पानं चालते. वाचून रडलो, अशी पत्रं आली होती. प्रेमराजांनी ती जपून ठेवली होती.

"दिसतं ते आणि ऐकू येतं ते, एवढंच लिहायचं काका," दिपमालाने पहिल्याच दिवशी सांगितलं. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. सगळं वर्तमानकाळात. प्रेमराज मनात हसले. चार कादंबऱ्या लिहिलेल्या माणसाला हे काय अवघड?

त्यांनी लिहिलं, 'सुगंधाबाईच्या मनात बावीस वर्षं उकळत असतात.' पान परत आलं. समासात लाल शाईत प्रश्न होता, 'कॅमेरा कुठे ठेवू?'

मग त्यांनी तीच अकरा पानं पार्श्वभूमीवरच्या आवाजात घातली. दिपमालाने विचारलं, "पडद्यावर तुम्ही पुस्तक वाचून दाखवणार का?" तिसऱ्या खेपेला त्यांनी सुगंधाबाईलाच बोलतं केलं. दीड पानाचं स्वगत, शुद्ध मराठीत, मध्ये एक संस्कृत वचनही. त्यावर फोनवर दिपमाला म्हणाली, "काका, मनी आजी अशी बोलनी ना, तर आम्ही तिले दवाखानामा लई जासूत."

प्रेमराजांनी फोन ठेवला आणि ते गिऱ्हाइकावर विनाकारण खेकसले. नाचता येईना, अंगण वाकडं म्हणतात. इथे नाचता येणाऱ्यालाच ही पोर पायात पाय घालून पाडत होती, असं त्यांचं ठाम मत झालं.

"तिला बोलायला लावू नका. ती काय करते, ते लिहा," एवढंच पुढचं मार्गदर्शन होतं. त्यांनी दात-ओठ खात लिहिलं, 'सुगंधाबाई वांग्याच्या फोडी निखाऱ्यांवर भाजते.'

हे पान घेऊन दिपमाला स्वतः जळगावला, थेट दुकानात आली.

"काका, फोडी?"

"का? काय झालं?"

"भरताचं वांगं अख्खं भाजतात. फोडी केल्यावर भाजी होते."

खरं सांगायचं तर प्रेमराजांच्या जैन घरात वांगं कधी आलंच नव्हतं. फार बियांचं, बहुबीज म्हणून ते वर्ज्य. हिवाळ्यात मित्रांच्या शेतांवर ते शंभर पार्ट्यांना गेले असतील, पण धुराकडे पाठ करून सतरंजीवर बसायचे, घरचा डबा उघडायचे आणि साहित्यावर बोलायचे.

"पुस्तकात काय लिहिलंय मग?"

"फोडीच," ते म्हणाले. दोन आवृत्त्या, एक पुरस्कार, आणि दोनशे सत्त्याऐंशीव्या पानावर फोडी. पुण्याच्या परीक्षकांचं समजू शकतं, पण अख्ख्या खानदेशाने ते वाचून भिडेखातर तोंड मिटून ठेवलं होतं. त्यांना सगळ्यांचाच संताप आला. वांग्याचासुद्धा.

"ज्यांच्यावरून लिहिलंत, त्यांच्याकडे जा ना," दिपमाला म्हणाली. "नुसतं बसून बघा."

सुगंधाबाई ज्यांच्यावरून उतरली त्या हीराबाई पारोळ्याच्या पुढे एका खेड्यात राहत होत्या. दालमिल होती प्रेमराजांच्या वडिलांची, दलिचंदशेठांची. ती मिल आता नाही, शेठही नाहीत. पंधरा वर्षांत प्रेमराज तिकडे फिरकले नव्हते. पुस्तकाचंही त्यांनी हीराबाईंना कधी सांगितलं नव्हतं. भरीत बघायला येतो, एवढाच निरोप धाडून ते रविवारी दुपारी पोचले. आणि जन्मात पहिल्यांदा धुराकडे तोंड करून बसले.

सत्तरीच्या हीराबाईंनी कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवल्या. हिरवी, लांबट वांगी अख्खी आत सरकवली. देठाला धरून फिरवली. साल काढताना दर वेळी बोटं पाण्यात बुडवली. लाकडी बडगीत मिरच्या, लसूण आणि वांगी ठेचली. प्रेमराज वहीत सगळं टिपत होते. मान दुखली, डोळे चुरचुरले. कॅमेरा कुठे ठेवायचा, हे मात्र आता कळत होतं.

भरताला फोडणी द्यायची अजून बाकी होती. हीराबाईंनी एकदा मावळतीकडे बघितलं. हातातलं काम टाकून त्या उठल्या, हात धुतले, झाकलेलं एक ताट आणून प्रेमराजांपुढे ठेवलं. पुऱ्या आणि मुगाची डाळ. कांदा-लसूण कशातच नव्हता.

"सूर्य बुडी राह्यना, प्रेमभाऊ. तुम्ही पह्यले खाई ल्या."

प्रेमराजांचा घास हातातच राहिला. त्यांच्या खाण्याची वेळसुद्धा या बाईच्या ध्यानात होती, आणि ती वांगं कसं भाजते हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना लाज वाटली. तरी लेखकाची खोड जात नाही.

"अक्का, मघाशी विस्तवापाशी बसला होतात, तेव्हा मनात काय चाललं होतं?"

"वांगं एक बाजूले कच्चं राही जाई का, ते."

"बाबांनी तुम्हाला काढलं, त्याचा राग आता गेला असेल ना?"

हीराबाईंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. बडगी पुसता पुसता म्हणाल्या, "राग? तो शे ना अजून, गया नही. बावीस वरीस काम करं, सांगाले बी कोनी ऊना नही. मी डबा लई ऊनू, तं फाटकवर वॉचमननी सांगं."

"मग हे ताट?"

"भुक्या माणूसवर काढतस का कोनी राग? खाई ल्या आते."

त्यांनी खाल्लं. ताट रिकामं होईपर्यंत हीराबाई भरताला फोडणी द्यायला गेल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी अकरा पानांच्या चौदा ओळी करून त्यांनी धुळ्याला पाठवल्या. तासाभरात दिपमालाचा फोन आला.

"काका, जमलं. फक्त एक विचारते, ती शेवटी माफ करते की नाही?"

"नाही करत."

"आणि पुस्तकात? तिथे तर अकरा पानं..."

प्रेमराजांनी शालींच्या कपाटाकडे बघितलं.

"पुस्तकात मीच मला माफ केलं होतं," ते म्हणाले.