चित्रातल्या मुलीचं तोंड

आमच्या कारखान्यात तिला सगळे ताई म्हणत, आणि ती खोलीबाहेर गेली की ठिणगी. तिला ते ठाऊक होतं. एकदा पॅकिंगवाल्याच्या तोंडून चुकून तिच्यासमोरच 'ठिणगीताई' निघालं. तो पांढराफटक पडला. ती म्हणाली, "नुसतं ठिणगी म्हण. पुढे ताई लावून पाणी कशाला ओततोस?"

आम्ही जुन्या नामवंत चित्रकारांच्या चित्रांच्या प्रती काढतो. कॅनव्हासवर छापून आलेली प्रत वाळली की तिच्यावर वार्निश चढतं, मग ती माझ्याकडे येते आणि मी ती लाकडी चौकटीवर ताणून ठोकतो. रंग जुळवण्याचं काम ठिणगीचं. पहिली प्रत बाहेर आली की ती खिडकीच्या उजेडात धरायची आणि शिव्या सुरू करायची. "हे काय मांस आहे? हा भिजलेला पुठ्ठा आहे!" मनासारखं होईपर्यंत मशीनला, शाईला आणि शाई पाठवणाऱ्याच्या सात पिढ्यांना उद्धरायची. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायची, "भांडायला माणसं कमी पडली असती तर केलं असतं."

एका मोठ्या हॉटेलची ऑर्डर आली. सगळ्या खोल्यांत एकच चित्र लावायचं होतं. चित्र तीन-चारशे वर्षांपूर्वीचं, एका परदेशी पुराणकथेवरचं. एक देव एका मुलीमागे धावतोय. ती त्याला नको म्हणते, तो ऐकत नाही. तिचा बाप म्हणजे नदी. ती बापाला हाक मारते, तेव्हा बाप तिचं झाड करून टाकतो. चित्रात तो क्षण आहे. देवाचा हात तिच्या कमरेला लागलाय, तिच्या बोटांतून पानं फुटतायत, पायांवर साल चढतेय, आणि तिचं तोंड किंचाळायला उघडलंय.

ठिणगीने त्या चित्रावर जीव ओतला. सालीचा तपकिरी आणि कातडीचा गुलाबी जिथे एकमेकांत शिरतात तो पट्टा तिने पुन्हापुन्हा छापून पाहिला. आणि एके दिवशी चहा पिता पिता कप आपटून म्हणाली, "मला एक सांग. हा बाप नदी आहे ना? अख्खी नदी?"

"हो," मी म्हटलं.

"मग त्या देवाला बुडवायचं सोडून पोरीचं झाड कशाला केलं मेल्याने?"

ती चित्रावर चिडली नव्हती, हे मला जरा वेळाने कळलं. तिच्या भावाची मुलगी नर्सिंग शिकत होती. नाक्यावरच्या चष्म्याच्या दुकानात काम करणारा एक माणूस वर्षभर तिच्या मागे लागला होता. बसस्टॉपवर उभा, वर्गाच्या दाराशी उभा, परत येताना मागे. ती नाही म्हणून थकली. गल्लीतले लोक म्हणत, "बिचाऱ्याने किती जीव लावलाय!" आणि त्याच आठवड्यात भावाने मुलीचं शिक्षण बंद करून तिला घरात बसवलं होतं. खिडकीलासुद्धा जाड पडदा लावला होता.

दुसऱ्या दिवशी आमचे मालक पहिली प्रत बघायला आले. मान तिरकी करून म्हणाले, "रंग झकास. पण बाई, हिचं तोंड मिटा."

"काय?"

"झोपायच्या खोलीत बोंब मारणारी बाई कोण लावून घेईल? हॉटेलवाल्यांचंच म्हणणं आहे. जरा हसरी करा. आणि मागे चिकटवायच्या कागदावर छापा, 'अमर प्रेमाचं चित्र'."

"प्रेम? ती पळतेय! त्याच्यापासून पळतेय, दिसत नाही?"

"आपल्याला काय करायचंय? चित्र करणारा गेला, देव गेला, ती पण गेली."

"ती गेलेली नाही," ठिणगी म्हणाली. "मी नाही करणार."

"मग जावई करतील."

मालकांचे जावई संगणकावर बसले आणि जेवणाच्या सुट्टीआधी त्यांनी तिचं तोंड मिटवलं. ओठांची टोकं वर ओढली. किंचाळणारी मुलगी लाजून हसायला लागली. देव आता मागे लागलेला वाटेना, लपंडाव खेळतोय असं वाटे. माझ्या हातातला हातोडा त्या दिवशी दोनदा बोटावर बसला.

ठिणगी संध्याकाळी थेट भावाकडे गेली. पुढचं मला तिच्या भाचीनेच सांगितलं.

"दादा, पोरीला उद्यापासून कॉलेजला पाठव."

"तू मध्ये पडू नकोस. तो माणूस गप्प झाला की पाठवीन."

"गप्प त्याला केलंस का? केलंस तिला! चोर बाहेर मोकळा आणि कुलूप घरच्यांच्या तोंडाला!"

"मी बाप आहे तिचा. उद्या काही बरंवाईट झालं तर लोक मला विचारतील."

"लोकांना घाबरतोस, त्याला घाबरतोस, आणि डोळे वटारतोस ते हिच्यावर. मोठा बाप!"

वहिनी मध्ये पडून म्हणाली, "वन्सं, हळू बोला, शेजारी ऐकतील."

"ऐकू देत! त्यांनीच 'जीव लावलाय' म्हणत त्याचं कौतुक केलंय ना? आता हेही ऐकू देत!"

भाऊ म्हणाला, "या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही." तिने चपला घातल्या आणि भाचीला विचारलं, "तुला काय हवंय? तू सांग. इथे सगळे बोलले, तूच राहिलीस."

मुलगी उठली आणि कपाटातून कॉलेजची पिशवी काढून तिच्या मागे चालू लागली.

सकाळी दोघी ठिणगीच्या घरून कॉलेजला निघाल्या, त्याच नाक्यावरून. चष्मेवाला नेहमीसारखा मागे आला. ठिणगीच आधी वळली आणि भर रस्त्यात तिने त्याला धारेवर धरलं. तिचा आवाज असा की भाजीवाल्याचा तराजू हलायचा थांबला. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बाई, रस्त्यावर आरडाओरडा शोभत नाही."

"याने पोरीमागे फिरणं शोभतं?"

चष्मेवाला हसत म्हणाला, "मी काय केलंय? मी तर प्रेम करतो."

तेव्हा भाची ओरडली. ती म्हणते, कुठून एवढा आवाज आला मला कळलं नाही. "मी नाही म्हटलंय! वर्षभर नाहीच म्हणतेय! तुझं प्रेम म्हणजे माझी बंद खिडकी आहे!" ओरडता ओरडता ती रडत होती, पण थांबली नाही. त्याचं हसू उतरलं. दुकानाचा मालक बाहेर आला आणि म्हणाला, "घरच्यांनी मुलीला सांभाळावं." ठिणगीने त्यालाही सोडलं नाही.

तिथून दोघी पोलीस चौकीत गेल्या. तिथला माणूस म्हणाला, "त्याने हात लावला का? मग तक्रार कसली?" ठिणगी बाकावर बसली. "हात लावेपर्यंत थांबायचं असेल तर मी इथेच थांबते." दुपार झाली, ती उठेना. शेवटी तिच्या तोंडाला कंटाळून त्यांनी तक्रार घेतली आणि त्याला बोलावून दम दिला. त्याचं मागे येणं बंद झालं. न्याय वगैरे काही झाला नाही. तो अजून त्याच दुकानात काचा पुसतो, आणि गल्लीतले काहीजण अजून म्हणतात, बिचाऱ्याचं नशीब.

ठिणगी कामावर आली तेव्हा दोऱ्यांवर हसऱ्या मुली वाळत होत्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत. हॉटेलच्या मॅनेजरबाई पाहायला आल्या होत्या. ठिणगीने त्यांना मूळ प्रत दाखवली. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली. मग म्हणाल्या, "खरंय तुमचं. पण पाहुण्यांना प्रसन्न वाटलं पाहिजे." मालकांनी मान डोलावली. ठिणगीने अंगावरचा कामाचा डगला काढला, खुंटीला न लावता मालकांच्या टेबलावर टाकला, आणि गेली. त्या प्रती हॉटेलात लागल्या. मीच त्या टांगायला गेलो होतो. खोलीमागून खोली, पलंगाच्या वर ती हसत होती, आणि प्रत्येक खिळ्याला माझं डोकं जास्त तापत होतं.

ठिणगी आता औषधांची खोकी छापणाऱ्या कारखान्यात रंग बघते. तिथेही तिचं कुणाशी पटत नाही. भाचीचं शिक्षण पूर्ण झालं, ती आत्याकडेच राहते, एका दवाखान्यात नोकरी करते. भाऊ चारचौघांत छाती फुगवून सांगतो, "आमची मुलगी नर्स आहे, मी शिकवलं." कुणीतरी ते ठिणगीच्या कानावर घातलं. त्या रात्री म्हणे तिने भांडी अशी घासली की भाची उठून दार लावून बसली.

परवा बाजारात भेटली. हातात मोठी पिशवी, कपाळावर आठ्या. मी म्हटलं, "ताई, भाऊ म्हातारा झाला. त्याने निरोपही पाठवलाय ना? आता राग सोडा."

"निरोप मला पाठवलाय," ती म्हणाली. "माफी पोरीची मागायला हवी. तिच्याकडे ये म्हणावं, तिच्यासमोर उभा राहा. ती सोडेल तर सोडेल."

"आणि तुम्ही?"

"मी कशाला सोडू? राग काय मला जड होतोय?"

असं म्हणून तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि गर्दीतून वाट काढत, समोरच्याला "बाजूला व्हा की!" असं ओरडत निघून गेली.