सात नंबरची वाट

"थांबा जी, वाट करून देतो."

फोन उचलला की काकाजी पहिलं वाक्य हे म्हणत. मग दोरीचं पितळी टोक सदऱ्याच्या बाहीला एकदा पुसत, बोर्डावरच्या भोकात बसवत आणि हँडलच्या दोन फेऱ्या मारून आतल्या माणसाला विचारत, "आली का वाट?" आतून "आली" असं ऐकल्याशिवाय दोरीवरचा हात काढत नसत.

वाडीतल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत ते टेलिफोन बोर्ड सांभाळायचे. मी तिथेच डिस्पॅच क्लार्क होतो, आणि आजही आहे. सगळे त्यांना काकाजी म्हणत. नाव फक्त हजेरीपटावर होतं. असा एखादा माणूस तुमच्याही कचेरीत असेल. रोज दिसतो, आणि गेल्यावर लक्षात येतं की त्याच्याबद्दल आपल्याला काहीच माहीत नव्हतं.

बोर्ड म्हणजे एक लाकडी पेटी. बाहेरून एकच लाइन यायची आणि आत बारा टेलिफोन होते. शेठ, मॅनेजर, बुकिंग, गोडाऊन, कँटीन, वजनकाटा, फाटकाची चौकी. मी नवा असताना त्यांनी मला शेजारी बसवून समजावलं होतं.

"हे पाहा गा. बाहेरच्या माणसाले आपला एकच नंबर माहीत. आत कोन कुठं बसते, हे त्याले काय मालूम? मंग त्याची वाट कोन करन? आपन."

त्यांचं वाट करणं दोरीपाशी संपत नसे. एकदा एका ड्रायव्हरच्या बायकोचा फोन आला. ड्रायव्हरला कुठलं टेबल आणि कुठला टेलिफोन? काकाजींनी बाईला थांबायला सांगितलं, मला बोर्डावर बसवलं आणि उन्हात ट्रकांच्या रांगेत शिरून तो माणूस शोधून आणला. तो ट्रकखाली झोपला होता. मॅनेजर म्हणाले, "इतका वेळ लाइन अडवून ठेवता?" काकाजी म्हणाले, "साहेब, बाई थांबून होती. कापू कसा?"

शेठ कँटीनमध्ये तर्री-पोहे खात असत तेव्हा त्यांच्या सासऱ्यांचा फोन हमखास यायचा. काकाजी गंभीर चेहऱ्यानं सांगत, "शेठ गोडाऊनमध्ये माल पाहून राहिले जी," आणि वाट कँटीनला जोडत. शेठ तोंडातला घास गिळून "कोन?" म्हणेपर्यंत आम्ही माना खाली घालून हसत असू. काकाजी हसत नसत. डोळ्यांनी फक्त मला खूण करत.

बोर्डाची एकच गोष्ट फसवी होती. भोकांखाली चिकटवलेली लेबलं जुनी होती. वजनकाट्याची केबिन बांधली, तेव्हा तारा ओढणाऱ्यानं चौकीची तार नऊवरून काढून सातवर जोडली आणि काट्याची नऊवर. नऊखालचं लेबल मात्र 'चौकी' असंच राहिलं. सातखाली काहीच नव्हतं.

"लेबलावर जाऊ नको गा," ते मला म्हणाले होते. "चौकी सातवर हाय."

"मग लेबल बदला ना, काकाजी."

"लेबल नवख्याले लागते. माह्या डोक्यात हाय ना सगळं."

ते गोडाऊनच्या मागे एका भाड्याच्या खोलीत एकटे राहत. सकाळी एकदा स्वयंपाक करत आणि तोच दोन वेळा जेवत. बायको कधीच वारली होती. मुलगी होती, एवढं मला माहीत होतं. तिनं जातीबाहेर लग्न केलं, आणि काकाजींनी तिला दारातूनच परत पाठवलं होतं. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही बोर्डाकडे पाहत. "मी म्हटलं, पुन्हा येऊ नको. ते नाही आली. माह्यासारखीच हाय." दिवसभर शेकडो माणसांना जोडून देणाऱ्या त्या माणसाला स्वतःच्या नावानं आलेला फोन मी कधी पाहिला नव्हता.

एका शनिवारी दुपारी त्यांनी मला हळूच जवळ बोलावलं. हातात आंतर्देशीय पत्र होतं. घडीवर शाई पुसली होती, इतक्या वेळा ते उघडलं होतं.

मुलीचं पत्र होतं. उद्या रविवारी सकाळी अकरा वाजता ती तिच्या गावच्या पोस्टातून ट्रंक कॉल लावणार होती. तिला बाबांचा हा एकच नंबर माहीत होता. नवऱ्याची बदली होत होती, नवा पत्ता फोनवरच सांगीन, असं लिहिलं होतं. शेवटी दोन ओळी होत्या. 'तुम्ही फोनवर आला नाहीत तर मी समजून घेईन. मग मी तुम्हाला पुन्हा त्रास देणार नाही.'

"नावाचा कॉल हाय," काकाजी म्हणाले. "एक्स्चेंजमधली ट्रंकवाली बाई नाव घेऊन विचारते, हायेत का. हाय म्हटलं तरच जोडते. नाही म्हटलं का कापते." मग पत्राची घडी घालत त्यांनी विचारलं, "पहिले काय म्हनाव गा?"

"कशी आहेस म्हणा."

"हो. ते बराबर हाय."

रविवारी कचेरी बंद असे. शनिवारी संध्याकाळी बोर्डाच्या हॉलला कुलूप लागायचं आणि चाबी मॅनेजरांच्या घरी जायची. सोमवार सकाळपर्यंत बोर्डाला कोणी हात लावू शकत नसे. म्हणून काकाजी दर शनिवारी निघताना बाहेरची लाइन चौकीला जोडून ठेवत. मग सुटीच्या दिवशी येणारा प्रत्येक फोन चौकीत वाजायचा. त्या शनिवारीही त्यांनी दोरी सातमध्ये बसवली, हँडल फिरवलं.

"आली का वाट?"

"आली जी," चौकीदार म्हणाला.

"उद्या मी येतो तुह्याकडं. दहालेच येतो."

त्या आठवड्यात हॉल बंद करायची पाळी माझी होती. जाताना काकाजी माझ्या टेबलापाशी थांबले. "दोरी हलवू नको गा," म्हणाले. मी म्हटलं, "काकाजी, मी लहान आहे का?"

आता जे लिहायचं आहे, ते मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही.

साडेसहाचा सिनेमा होता. मित्रानं तिकिटं काढली की नाही, एवढंच मला विचारायचं होतं. बाहेर बोलायचं तर तीच लाइन हवी. मी दोरी काढली, बोर्डावरूनच फोन लावला. तिकिटं मिळाली होती. मी खूश होतो, मला उशीरही होत होता. दोरी परत बसवताना मी खाली पाहिलं, 'चौकी' लिहिलेलं भोक शोधलं आणि तिथे नीट, दाबून बसवली. मी निष्काळजीपणा केला असंही मला तेव्हा वाटलं नाही. लेबल वाचूनच बसवली होती; काकाजींनी सांगितलेलं सात त्या घाईत आठवलंच नाही. हँडलच्या दोन फेऱ्या मारून विचारलं असतं, तर चौकीदार बोललाच नसता आणि तिथल्या तिथे कळलं असतं. मी विचारलं नाही. चाबीच्या रजिस्टरवर सही केली, कुलूप लावलं आणि सायकल काढली.

पुढचं मला सोमवारी चौकीदारानं सांगितलं.

काकाजी दहाच्या आधीच आले. धुतलेला सदरा घातला होता, दाढी केली होती. "टेलिफोनवर दाढी दिसते का काकाजी?" असं त्यानं विचारलं, तर ते लाजले. चौकीतल्या स्टुलावर टेलिफोनसमोर बसले. चहा आणला, तो घेतला नाही. अकरा वाजून गेले. मग घंटी वाजायला लागली, पण समोरच्या टेलिफोनची नाही. आवाज आवाराच्या पलीकडून, वजनकाट्याच्या केबिनमधून येत होता.

"पहिले त्यायले समजलंच नाही," चौकीदार म्हणाला. "मंग असे पयाले ना गा, चप्पल इथंच राहिली."

केबिनला कुलूप होतं आणि चाबी शहरात काट्यावरच्या कारकुनाकडे. काकाजींनी खिडकीच्या काचेला तोंड लावलं. आत टेबलावर टेलिफोन वाजत होता, दिसत होता. त्यांनी काचेवर हात आपटले आणि "हाय, मी हाय," असं ओरडत राहिले. चौकीदारानं लोखंडी सळई आणली. ती हिसकून त्यांनीच कुलपावर घाव घातले. घंटी थांबली. ते अजून जोरात मारू लागले. घंटी पुन्हा सुरू झाली, बराच वेळ वाजली आणि थांबली. त्यानंतर कुलूप तुटलं. रिसीव्हर उचलला तेव्हा आत नुसती घरघर होती.

"संध्याकाळवर तिथंच बसून होते," चौकीदार म्हणाला. "काहून असं झालं गा? तुले काही मालूम?"

मी म्हटलं, "मला काय माहीत?"

हे मी हॉलमध्ये शिरण्याआधीचं. आत गेलो तर काकाजी बोर्डासमोर उभे होते. दोरी नऊमध्येच होती. त्यांनी नऊकडे पाहिलं, खालच्या लेबलाकडे पाहिलं. मग चाबीचं रजिस्टर उघडून शनिवारची सही पाहिली आणि मिटून ठेवलं. माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी बोललो असतो, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. ते खोटं आहे. मी मुद्दाम मान खाली घालून कागद लावत होतो.

दुपारी त्यांनी पुठ्ठा मागवला. ब्लेडनं पट्ट्या कापून, तिरप्या जाड अक्षरांत बाराही लेबलं नव्यानं लिहिली आणि खळीनं चिकटवली. मी जवळून गेलो तेव्हा ते हळूच म्हणाले, "पहिलेच कराले पायजे होतं मीनं."

मॅनेजरांनी त्यांना कुलूप का तोडलं ते विचारलं. "गरज होती साहेब," एवढंच ते म्हणाले. त्यांच्या सगळ्या नोकरीतला तो एकुलता एक मेमो. तो टाइप करायला माझ्याकडे आला, आणि मी एकही चूक न करता टाइप केला.

त्यानंतर दर रविवारी ते चौकीत जाऊन बसायचे. एकदा चार दिवसांची रजा काढून पत्रावर शिक्का असलेल्या गावी जाऊन आले. ती माणसं बदली होऊन गेली होती. कुठे, ते शेजाऱ्यांना सांगता आलं नाही. परत आल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुह्या लग्नाचं काय झालं गा?" आणि पेढे मागितले.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी बोर्ड माझ्या ताब्यात दिला; डिस्पॅचच्या जोडीला आता तोही मलाच पाहायचा होता. दोऱ्या एकेक करून पुसल्या. "शनिवारी चौकीची वाट लावत जा," म्हणाले. "आन् विचारत जा, आली का म्हनून." मी म्हटलं, "काकाजी, त्या शनिवारी..." तेवढ्यात बोर्डावरची पत्र्याची झडप पडली, बाहेरून फोन आला होता. ते वळले. "थांबा जी, वाट करून देतो." बोलणं झालं, दोरी काढली. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी पुन्हा सुरुवात करू शकलो नाही.

ते कन्हानला पुतण्याकडे राहायला गेले. मी सहा वर्षांनी गेलो. दारात पुतण्या भेटला. काकाजी दिवाळीनंतर वारले होते.

मी त्याला सगळं सांगितलं, सिनेमाच्या तिकिटांसकट. तो म्हणाला, "काका सांगे, लेबल माह्यं चुकीचं होतं. तुमचं नाव नाही घेतलं कधी." मग म्हणाला, "आमच्या घरी तं फोन नाही. तरी रविवारी अकरा वाजले का ते बाहेर जात नव्हते, कोनाशी बोलत नव्हते. ताईचा पत्ता तुमच्याजवळ हाय का? तिले अजून कोनी सांगितलं नाही."

मी नाही म्हटलं.

बोर्ड अजून तोच आहे. दर शनिवारी मी दोरी सातमध्ये बसवतो, हँडल फिरवून विचारतो आणि "आली" असं ऐकल्यावरच हात काढतो. रविवारी दहाला घरातून निघतो. बायकोला वाटतं, कामाचा ताण आहे. चौकीत फोन येतात, ट्रक पोहोचला का, माल कधी सुटेल. मी उत्तरं देतो आणि रिसीव्हर लगेच ठेवतो, लाइन अडकू नये म्हणून.

एखाद्या रविवारी ट्रंकवाली बाई त्यांचं नाव घेऊन विचारेल, हायेत का. नाही म्हटलं तर ती कापेल. हो म्हटलं तर पलीकडून 'बाबा' म्हणून हाक येईल. काय म्हणायचं, ते माझं अजून ठरलेलं नाही.