डोकं मी फोडलं, सजा नितेशला

पांढुर्ण्याच्या दोस्तांनो, लाइक नका करू, नुसतं वाचा.

आज दुपारी सौंसरच्या कोर्टात माझ्या दोस्ताला, नितेशला, तीन वर्षांची सजा झाली. मागच्या साली चहाच्या टपरीवर भांडण झालं, टपरीवाल्याचं डोकं फुटलं. तो दगड माझा होता.

पोलीस ठाण्यात साहेबानं आमची आडनावं विचारली. मग मला म्हणाला, "तू गुरुजीचा पोरगा ना बे? घरी जा." नितेशला म्हणाला, "तू बस रे."

मी घरी गेलो. कॉलेज सोडलं, पण तोंड उघडलं नाही.

गोटमारीच्या जत्रेत आपण दिवसभर नदीपल्याडच्यांवर दगड मारतो, कोणाचा कोणाला लागला हे कोणी विचारत नाही. इथं मात्र आडनावावरून दगड कोणाचा ते ठरलं.

कोर्टाबाहेर त्याची बहीण भेटली. दोन वर्षांपासून माझा जीव तिच्यावर आहे. म्हटलं, "मी अपिलाचं पाहतो."

"दगड तुवाच मारला होता न?"

मी हो म्हणून मान हलवली.

"मंग आत काहून नाही बोलला?" तिनं भावासाठी आणलेला डबा माझ्या हातात कोंबला. "घे. आता तूच खाय."

डबा अजून उघडला नाही. उद्या सकाळी ठाण्यात जाऊन राहिलो, खरं सांगायले. त्या दिवशी टपरीवर तुम्हीही होते, तुम्हीही पाहिलं. कोण येते माझ्यासंग?