बंद दारांचं गाव

मी काळाचौकी सोडली त्या दिवशी आईने दार लावलं नाही. तसं आमच्या चाळीत दिवसाढवळ्या दार कुणीच लावत नसे. दार ओढलेलं दिसलं की समजायचं, त्या घरात एकतर भांडण झालंय, नाहीतर गोवर तरी आलाय. पण घरचं माणूस लांबच्या प्रवासाला निघालं, की ते पार दिसेनासं होईपर्यंत दार लावायचं नाही आणि केरही काढायचा नाही, ही आईची आणखी एक वेगळी शिस्त होती. आम्ही ख्रिस्ती. असल्या समजुती पाळू नयेत असं पाळकसाहेब भर उपासनेत बजावायचे. आई मान डोलवायची आणि घरी आल्यावर म्हणायची, "त्यांना नको सांगूस गं. पण दार राहू दे उघडं."

दिवाळी नुकतीच झाली होती. आमच्या चर्चच्या, म्हणजे मंडळीच्या, तरुण संघातले आम्ही पाचजण महिन्याभरासाठी मुलांना शिकवायला निघालो होतो. जायचं होतं बेळगावच्या पलीकडे, डोंगराकडच्या एका खेड्यात. राज्यांची वाटणी झाली, ते गाव म्हैसूर राज्यात गेलं, तिथले जुने मास्तर बदलून गेले आणि नवे आलेच नव्हते. गावात आमच्यासारखी दहापाच ख्रिस्ती घरं होती, त्यांनी मुंबईच्या मंडळीला विनवलं होतं. सहावे थोरात मास्तर, आमचे पुढारी. रविवारच्या शाळेत त्यांनी मला 'बाराखडी' आणि 'आमच्या स्वर्गातील पित्या' एकाच छडीच्या धाकाने शिकवलं होतं.

शेजारच्या शेवंताकाकू मालवणच्या. त्यांचे यजमान आणि माझे बाबा एकाच गिरणीत, एकाच साचेखात्यात. काकूंनी माझ्या पिशवीत सुक्या बोंबलांची पुडी कोंबली आणि म्हणाल्या, "जपान जा गो चेडवा. तुज्या आवशीक मी बघतंय." त्यांचा वसंता त्या दिवसांत सभा आणि मोर्चे यांच्यावरच जगत होता. जेवायलासुद्धा तो घोषणा देतच यायचा. कठड्यावर बसून तो म्हणाला, "आम्ही इथे सीमाभागासाठी घसा फोडतोय आणि ही बया सरळ तिकीट काढून निघाली!" सगळी गॅलरी हसली. आई तेवढी हसली नाही. म्हणाली, "करुणा, नाताळाला घरी. काय?" जानेवारीत मला म्युनिसिपालिटीच्या शाळेत लागायची आशा होती, त्यामुळे मीही ठासून "हो" म्हणाले. ट्रामच्या वळणावर मागे पाहिलं तेव्हा दुसऱ्या मजल्यावर उघडं दार दिसत होतं आणि दारात तिची निळी साडी.

दादरहून पुण्याला आणि पुण्याला गाडी बदलून पुढे. सीमा कशी दिसते याची मला भारी उत्सुकता होती. फाटक असेल, शिपाई असेल, निदान एखादा दगड तरी असेल, असं वाटलं होतं. काहीच नव्हतं. डब्यातली माणसं तीच, त्यांच्या बोलण्यातली कुरकुर तीच. फक्त मधूनच पाट्यांवरची अक्षरं गोल गोल झाली. थोरात मास्तर म्हणाले, "पोरींनो, आपण परदेशात आलो," आणि स्वतःच मोठ्याने हसले.

गावात पोचलो तेव्हा अंधार पडला होता. ख्रिस्ती देवळाशेजारच्या खोलीत गडी कंदील आणि भाकऱ्या ठेवून गेला. खरी गोष्ट घडली ती दुसऱ्या दिवशी सकाळी.

उन्हं वर येईपर्यंत आम्ही झोपलो. मग कडक साड्या नेसून, पाट्या, चित्रांचे तक्ते आणि बाजाची पेटी घेऊन बाहेर पडलो. गावात चिटपाखरू नव्हतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकूण एक दार बंद, आम्हाला बोलावणाऱ्या ख्रिस्ती घरांचीसुद्धा. आम्ही सगळे गिरणगावातले. दोनच वर्षांपूर्वी गोळीबार झाला तेव्हा आमच्या चाळींची दारं अशी पटापट बंद झालेली आम्ही पाहिली होती. ओळीने बंद दारं दिसली की आमच्या डोक्यात एकच शब्द यायचा आणि तो थोरात मास्तरांनी हलक्या आवाजात उच्चारला. "हरताळ."

कुणाविरुद्ध? अर्थात आमच्याविरुद्ध! आम्ही मुंबईचे, वरून ख्रिस्ती, त्यात मराठी शिकवायला आलेले. इथे कुणाला तरी ते खपलं नसणार. मास्तरांनी आम्हाला झपाट्याने खोलीत परत नेलं आणि आतून कडी घातली. दिवसभर आम्ही दबक्या आवाजात प्रार्थना केली आणि शेवंताकाकूंचे बोंबील भाजून खाल्ले. संध्याकाळी बाहेर माणसांची वर्दळ ऐकू आली तेव्हा तर मास्तरांनी कंदील बारीक केला. त्यांच्या मते मोर्चा निघत होता. दुसरा दिवसही तसाच गेला. तिसऱ्या दिवशी पहाटे दारावर थाप पडली. बाहेर डोक्यावर चुंबळ ठेवलेली एक उंच, काळीसावळी बाई उभी होती.

"मुंबैची माणसं आजारी हायत काय?" तिने विचारलं. "दोन दिस झाले, दार लावूनच बसल्यात. सगळं गाव काळजी करतंय."

मास्तरांनी घसा साफ करून हरताळाबद्दल विचारलं. तिला आधी तो शब्दच कळेना. मग तिला कळलं आणि ती इतकी हसली की चुंबळ खाली पडली. "सुगी हाय नव्हं! भात कापायचं सोडून घरात कोण बसतंय? पोरंबी तिकडंच हायत."

ही गंगव्वा. पुढे तिच्याच घरात मी राहिले. त्या सगळ्या दारांना कड्या बाहेरून होत्या. रागावलेलं माणूस कडी आतून लावतं, एवढी साधी गोष्ट मॅट्रिक झालेल्या पाचजणांच्या आणि एका सेवानिवृत्त मास्तरांच्या डोक्यात आली नव्हती. ती गोष्ट गावाने आम्हाला कधी विसरू दिली नाही. आजही माझ्या वयाची माणसं मला चिडवतात, "बाई, आज काय हरताळ?"

मग शाळाच शेतावर गेली. शेणाने सारवलेल्या खळ्याच्या कडेला आम्ही बसायचो. मोठी पोरं पाखरं हाकलायची, पोरी कडेवर भावंडं घेऊन यायच्या. भाताच्या तुसावर बोटाने 'क' काढायचा, वारा आला की तो पुसला जायचा, पुन्हा काढायचा. घरात ती मुलं मराठी बोलायची, बाजारात कन्नड आणि भांडताना दोन्ही. मी त्यांना पाढे शिकवले, त्यांनी मला ओंदू, एरडू, मूरू शिकवलं. यल्लू नावाची एक मुलगी माझा पदर मुठीत धरल्याशिवाय एक अक्षर वाचायची नाही. महिना कसा गेला कळलं नाही. निघायचा दिवस जवळ आला तेव्हा यल्लूने विचारलं, "बाई, तुमी गेल्यावर 'ज्ञ' कोण शिकवणार?" आम्ही अजून 'ट'वर होतो.

मी थोरात मास्तरांना म्हणाले, "आईला सांगा, मी नाताळाला नाही, उन्हाळ्यात येते."

"हे मी सांगणार नाही," मास्तर म्हणाले. "मला अजून काळाचौकीतच राहायचंय."

पण त्यांनी सांगितलं. त्याचं उत्तर म्हणून नाताळाच्या आदल्या दिवशी भर दुपारी आई स्वतःच आली.

अहमदनगरचं माहेर आणि काळाचौकीचं सासर, यापलीकडे तिसरं गाव तिने पाहिलं नव्हतं. सोबतीला वसंता होता. मी खळ्यावर होते. एक पोरगं धावत आलं आणि म्हणालं, "बाई, गावात एक बाई ट्रंकेवर बसून रडाय लागल्या, आणि एक दादा वरडालाय." मी धावत गेले. बंद दारांच्या मधोमध आई करंज्यांच्या ट्रंकेवर बसली होती. तिच्याशेजारी मूठ वळून उभा असलेला वसंता, डोळे चमकताहेत, मला बघताच ओरडला, "बघितलंस? कडकडीत हरताळ! अख्खं गाव आपल्या बाजूने पेटलंय!"

आईला तो हरताळ कुणाच्या बाजूचा याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. ती म्हणाली, "चल. एकाही घराने तुझ्यासाठी दार उघडं ठेवलेलं नाही, आणि तू इथे राहणार म्हणतेस?"

मी तिला फक्त दिवस मावळेपर्यंत थांब म्हणाले. संध्याकाळी बैलगाड्या परतल्या, आणि एकेक कडी खाली पडली. चुली पेटल्या. बाईची आई आलीय हे कळल्यावर बायका ओळीने गंगव्वाच्या अंगणात आल्या. कुणी नवे तांदूळ आणले, कुणी काकवी. गंगव्वाने आईजवळ तक्रार केली, "तुमची पोर दार म्हणून लावत नाही. मांजरं दूध पितात माझं." आई महिनाभरात पहिल्यांदा हसली असावी. दुसऱ्या दिवशी यल्लू आणि बाकीच्या पोरांनी टाळ वाजवून नाताळाचं भजन म्हटलं, एकही ओळ धड नाही. वसंता डोक्याला फेटा बांधून सगळ्यांत पुढे टाळ कुटत होता. आई पदर डोळ्याला लावून ऐकत राहिली.

त्या रात्री तिने मला एवढंच विचारलं, "तुला इथंच राहायचंय ना?"

मला रडू फुटलं. मला राहायचं होतं, आणि तिच्यापासून लांब राहायचं नव्हतं. दोन्ही खरं होतं.

"मग रडतेस कशाला?" ती म्हणाली. "रडायचं तर मी."

उन्हाळा आला, गेला. म्युनिसिपालिटीच्या शाळेत माझ्या जागी दुसरी कुणी लागली. इथली शाळा रीतसर सुरू झाली, मी तिथे कायम झाले, इथल्याच एका मास्तरांशी संसार केला. यल्लू 'ज्ञ'पर्यंत पोचली, आता तिची नात कॉलेजात आहे. महाराष्ट्र झाला तेव्हा वसंताने लिहिलं की चाळीवर रोषणाई केलीय, पेढे वाटलेत, पण तू बाहेरच राहिलीस, पुढच्या खेपेला गावासकट घेऊन जातो. तो म्हातारा होईपर्यंत दर भेटीत हेच म्हणायचा. मला त्या वाक्यावर हसूही यायचं आणि वाईटही वाटायचं. मी कुठली, असं कुणी विचारलं की अजून तोंडातून आधी काळाचौकीच येते. पण मुंबईत चार दिवस झाले की शेजारणीचं "ऊटा आयता?" कानावर पडत नाही म्हणून चुकल्यासारखं होतं, आणि मी जेवलेय की नाही याची तिथे कुणालाच फिकीर नाही असं उगाच वाटतं.

आई गेली, बाबा गेले, शेवंताकाकू गेल्या. चाळीच्या जागी आता उंच इमारत आहे. मागे गेले होते तेव्हा लिफ्टने आठव्या मजल्यावर काकूंच्या नातसुनेकडे गेले. प्रेमाने बोलावलं होतं तिने, पुरणपोळी केली होती. त्या लांबलचक पॅसेजमधली सगळी दारं बंद होती. मी थबकले. मग मनात म्हटलं, अगं, सुगी असेल. सगळी कामावर गेली असतील.

चाळीतल्या माणसांनो, तुम्ही जे अजून तिथे आहात, आणि जे माझ्यासारखे कुठे कुठे गेलात, तुम्हाला ही गोष्ट सांगायचं कारण वेगळंच आहे. परवा आमच्या नव्या शेजारणीने विचारलं, "बाई, दिवे लागले तरी तुमचं दार उघडं का असतं?" मी म्हटलं, चाळीची सवय. ते अर्धंच खरं होतं.

नाताळ झाल्यावर आई परत निघाली त्या सकाळी मी गंगव्वाच्या दारात उभी होते. पहिल्यांदाच ती निघालेली आणि मी दारात. गाडीत बसताना तिने मला जवळ घेतलं नाही, नुसतं उंबऱ्याकडे बघून म्हणाली, "माहीत आहे ना?" मी मान हलवली. बैल चालू लागले. चिंचेच्या वळणाशी ती वसंताच्या खांद्याला धरून गाडीत उभी राहिली, आणि हात उंच करून ओरडली, "जा आता, करुणा. लाव दार!"

मी ते अजून लावलेलं नाही.