वरचं काही नको

घोडेगावहून निघालेल्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर तान्हं बाळ, त्याच्या तोंडावर पदर आणि पदरावर घट्ट हात. पुढच्या सीटवरून सासू मधाची बाटली दाखवत म्हणाली, "अगं, बोटभर चाटव की. लई शिकलेली झालीस व्हय!" माणसं हसली.

एका थांब्यावर सासू मिश्री घ्यायला उतरली, तेव्हा ती हळूच म्हणाली, "ताई, मला एचआयव्ही हाय. घरात ठावं न्हाई. गोळ्या चालू हायेत. डॉक्टरीणबाई म्हणल्या, सहा म्हयने निस्तं अंगावर पाज. वरचं दिलं तर बाळाला धोका वाढतो."

"मग घरी सांगून टाका ना!" मी तावातावाने म्हणाले.

"तुमी शिनोलीला उतरून जाल, ताई. मला ह्यांच्याच घरात ऱ्हायाचंय."

बाळाला जपायला एका आईला खोटं जगावं लागतं, याची लाज तिला नव्हे, आपल्याला वाटायला हवी.

सासू परत आली आणि तिने मधाचं बोट थेट बाळाकडे नेलं. हिने ते मध्येच धरून स्वतःच्या तोंडात घातलं. "माज्यातूनच जाईल त्याला, आत्या."

सासूसकट सगळी गाडी हसली. ती मात्र पदराच्या टोकाने बाळाचे ओठ पुन्हा पुन्हा पुसत होती.